फुफ्फुसातली गाठ: स्कॅन म्हणतो कॅन्सर, बायोप्सीत निघते बुरशी

रानजाई (लालबाग)

नमस्कार मंडळी. हा धागा जरा घाईने काढतेय. नणंदेच्या ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला होता. त्यांच्या यजमानांच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर 'मॅलिग्नन्सी' असं लिहून आलंय, बायोप्सी अजून व्हायची आहे, आणि घरात सगळ्यांनी हातपाय गाळलेत. आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत, म्हणून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवते. इथे डॉक्टर आणि लॅबमधली मंडळीही आहेत. माझं कुठे चुकलं तर दुरुस्त करा.

माझे मोठे दीर साठीच्या आसपासचे. मधुमेह बरीच वर्षं, विडी-सिगारेट कधीच नाही. खोकला जाता जाईना, संध्याकाळी कणकण, आणि वजन उतरत चाललेलं. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली. आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, त्यामुळे थुंकीची तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. मग सीटी. तीन सेंटिमीटरच्या आसपासची गाठ, कडा काटेरी, शेजारच्या लसीका ग्रंथी सुजलेल्या. मग पेट स्कॅन, त्यात गाठ लखलखीत. रिपोर्टच्या शेवटी 'फुफ्फुसाचा प्राथमिक (म्हणजे फुफ्फुसातच सुरू झालेला) कॅन्सर असण्याची शक्यता, हिस्टोपॅथॉलॉजीशी (म्हणजे तुकड्याच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीशी) पडताळून पाहावे' अशा अर्थाची ओळ.

त्या ओळीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी वाचला, दुसरा कुणी वाचला नाही. नातेवाईक म्हणाले, आता वेळ घालवू नका, केमो सुरू करा. आमचे छातीचे डॉक्टर मात्र ठाम होते. "तुकडा हातात आल्याशिवाय मी कॅन्सर आहे म्हणणार नाही, आणि नाही असंही म्हणणार नाही."

सीटीवर बघत सुईने तुकडा काढला. त्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. ग्रॅन्युलोमा, म्हणजे लढणाऱ्या पेशींचे पुंजके, होते आणि त्यांच्या आत गोल, जाड आवरणाची बुरशी. क्रिप्टोकॉकस. नंतर रक्तातली क्रिप्टोकॉकल अँटिजेनची तपासणीही पॉझिटिव्ह आली. एचआयव्ही निगेटिव्ह. ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. भावजींचं डोकं दुखत होतं, म्हणून पाठीतून पाणी काढून तपासलं, सुदैवाने ते स्वच्छ होतं. मग फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या सुरू झाल्या. या प्रकारात त्या साधारण सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. आत्ताच्या सीटीत गाठ निम्म्याहून लहान झालीय, औषध चालू आहे.

ज्यांच्या घरी आत्ता असा रिपोर्ट आलाय त्यांना माझं कळकळीने सांगणं आहे. स्कॅन संशय सांगतो, निदान तुकड्यावर होतं. आणि तुकडा काढतानाच त्याचा एक भाग कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायला, वेगळा ठेवणार आहेत ना, हे आधी विचारा. हे विचारायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी आपणहून केलं, म्हणून निभावलं.

---

चाफेकळी

वाचतेय. भावजींना लवकर पूर्ण बरं वाटो. पण पेट स्कॅन तर कॅन्सरसाठीच असतो ना? त्यात बुरशी कशी चमकते?

---

काचपट्टी

चाफेकळीताई, मी पॅथॉलॉजीत काम करतो, रेडिओलॉजीत नाही, पण हा भाग आमच्याकडे रोजचा आहे.

पेट स्कॅनच्या आधी शिरेतून जे देतात ती साखर असते, तिला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. जी पेशी जास्त साखर खेचते ती जागा उजळते. कॅन्सरच्या पेशी साखर खेचतात हे खरं. पण जंतूंशी लढायला जमलेल्या आपल्या पांढऱ्या पेशीही तितक्याच जोराने खेचतात. टीबी, बुरशी, सारकॉइडोसिस या सगळ्यात ग्रॅन्युलोमा तयार होतात, म्हणजे या लढणाऱ्या पेशींचे घट्ट पुंजके. ते उजळणारच. पूर्वी एसयूव्हीचा, म्हणजे गाठ किती साखर खेचते त्याचा, आकडा २.५ च्या वर गेला की कॅन्सरचा संशय धरत. जिथे टीबी घरोघरी आहे तिथे एकट्या त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आठ-दहाच्या पुढचा एसयूव्ही असलेल्या गाठीही साध्या संसर्गाच्या निघतात.

काटेरी कडांचंही तसंच. त्या कॅन्सरकडे बोट दाखवतात, म्हणून त्या दिसल्यावर थांबून चालत नाही. पण जुना ग्रॅन्युलोमा आजूबाजूची ऊती आत ओढून घेतो तेव्हा तशाच कडा तयार होतात. उलट गाठीच्या अगदी मध्यभागी, किंवा पूर्ण गाठीत, किंवा थराथराने चुना साठलेला असेल तर ती बहुधा जुन्या संसर्गाची खूण असते.

आता रानजाईताईंनी ज्याला हात घातलाय तो मुद्दा, तो जरा सविस्तर लिहितो.

बायोप्सीचा तुकडा नेहमी फॉर्मलिनच्या बाटलीत येतो. फॉर्मलिनमध्ये ऊती टिकते, पण जंतू मरतात, बुरशी मरते. त्या तुकड्यावरून कल्चर होऊ शकत नाही. नंतर कितीही वाटलं तरी नाही. म्हणून एखादा तुकडा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा घ्यावा लागतो. तो मायक्रोबायोलॉजीत जातो, तिथे टीबीची जीन तपासणी, टीबीचं कल्चर आणि बुरशीचं कल्चर तिन्ही लावता येतात. बुरशीचं कल्चर लगेच येत नाही. ॲस्परजिलस, क्रिप्टोकॉकस बहुधा काही दिवसांत उगवतात, हिस्टोप्लाझ्माला चार ते सहा आठवडे लागू शकतात.

फॉर्मलिनमधल्या तुकड्यावरही आम्हाला बुरशी दिसते, पण शोधावी लागते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती सहज निसटते. मेथेनामाइन सिल्व्हर या रंगात तिची भिंत काळी दिसते, पीएएसमध्ये गडद गुलाबी, आणि म्युसिकार्माइनमध्ये क्रिप्टोकॉकसचं आवरण लालसर. हे खास रंग दरवेळी आपोआप लावले जातातच असं नाही. ग्रॅन्युलोमा दिसले की बहुतेक ठिकाणी लावतात. पण अर्जावर डॉक्टरांनी 'मधुमेही, स्टिरॉइडवर, टीबी निगेटिव्ह, बुरशीचा संशय' एवढं लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टची नजर त्या दिशेने जाते. कित्येक अर्जांवर नुसतं 'लंग मास' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर आम्ही काय काय शोधायचं?

---

गिरणगावकर

माहितीपूर्ण धागा. आमच्या वडिलांचं प्रकरण वेगळ्या बुरशीचं, पण धडकी भरवणारं तेवढंच.

बाबा परळच्या गिरणीत होते. तरुणपणी टीबी झालेला, कोर्स पूर्ण केलेला, त्यानंतर सगळं सुरळीत. उतारवयात एकदा खोकताना बेसिनमध्ये लाल दिसलं. मग पुन्हा. एक्स-रेमध्ये वरच्या बाजूला गोळा. वय, गिरणीतला कापसाचा धुरळा, विडी. सगळ्यांनी मनातल्या मनात कॅन्सर ठरवून टाकला.

सीटीत दिसलं की टीबीने जी पोकळी पूर्वी करून ठेवली होती तिच्यातच गोळा बसलाय, आणि त्याच्या वर चंद्रकोरीसारखी हवेची रेघ आहे. डॉक्टरांनी बाबांना पालथं झोपवून पुन्हा सीटी काढला, तर गोळा पोकळीत दुसऱ्या बाजूला सरकला. कॅन्सरची गाठ अशी जागा सोडत नाही. तो ॲस्परजिलस बुरशीचा गोळा होता. रक्तात ॲस्परजिलसविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची पातळीही खूप वाढलेली निघाली.

तरी कॅन्सर नाही म्हणून हुश्श करण्यासारखा हा आजार नाही. पोकळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त एकदम आणि भरपूर पडू शकतं. बाबांना एकदा तसं झालं. तेव्हा जांघेतून नळी घालून फुफ्फुसाकडे जाणारी ब्राँकियल धमनी आतून बंद करावी लागली. फुफ्फुसात ताकद उरली असती तर ऑपरेशन करून तो भागच काढता आला असता, पण दम नव्हता. मग गोळ्यांवरच राहिले.

ज्यांना पूर्वी टीबी झालाय आणि आता पुन्हा खोकला, रक्त, वजन कमी असं सुरू आहे, त्यांना थुंकी न तपासता पुन्हा टीबीची औषधं सुरू होतात. आमच्या आसपास मी हे पाहिलंय. टीबी परत आलेला असू शकतो, बुरशी असू शकते, आणि टीबीच्या जुन्या व्रणाच्या जागी कॅन्सरही होतो. तिन्ही तपासा.

---

वसईचा_वारा

आता तरी लोकांना कळेल का कबुतरांचं! आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या एक बाई रोज डबाभर दाणे टाकतात. कबुतरखाने बंद केले तेव्हा केवढा गदारोळ झाला. हे फुफ्फुसाचे आजार तिथूनच येतात.

---

रानजाई

वसईचा_वारा, भावजींच्या चाळीच्या माळ्यावर कबुतरांचीच वस्ती आहे आणि पावसाळ्याआधी तो माळा त्यांनी स्वतः झाडला होता, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. पण बुरशी तिथूनच आली असं डॉक्टरांनी खात्रीने सांगितलेलं नाही. क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या जुन्या, वाळलेल्या विष्ठेत सापडतो, मातीत आणि झाडांच्या कुजक्या ढोल्यांतही सापडतो. शरीरात शिरून बरीच वर्षं गप्प बसू शकतो, असंही त्यांनी सांगितलं.

---

काचपट्टी

रानजाईताईंच्या म्हणण्याला जोडून लिहितो. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना झाकला, आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर दोन वेगळे आजार एकत्र करून फिरताहेत.

कबुतरांमुळे होणारा एक आजार ॲलर्जीचा आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. विष्ठेतली, पिसांवरची प्रथिनं श्वासातून वर्षानुवर्षं आत जातात आणि शरीर त्यांच्यावर चिडतं. त्यात गाठ नसते, दोन्ही फुफ्फुसं धूसर होत जातात, पुढे व्रण पडून ताठर होतात, जिना चढताना धाप लागते. त्यात संसर्ग नसतो, म्हणून बुरशीची औषधं चालत नाहीत. कबुतरांपासून दूर जाणं आणि बरेचदा स्टिरॉइड, असा उपचार असतो.

दुसरा आजार क्रिप्टोकॉकोसिस. हा संसर्ग आहे. त्यात निदान न करता स्टिरॉइड दिलं तर बुरशी पसरते. म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्यात घातक. म्हणून 'कबुतरांचा आजार' असं एकच नाव देऊन मोकळं होऊ नका.

माळा, खिडकीचा कोनाडा, एसीचा बाहेरचा डबा साफ करायचा असेल तर कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडून सगळं ओलं करा, एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, ओलं असतानाच उचलून पिशवीत बांधा. घरातल्या मधुमेही, केमो चालू असलेल्या किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाने हे काम अजिबात करू नये.

---

शेवंती

हा आजार घरातल्यांना लागतो का? भांडी वेगळी ठेवायची का?

---

रानजाई

नाही गं शेवंती. या बुरशी खोकल्यातून माणसाकडून माणसाला लागत नाहीत, हवेतून, मातीतून येतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात भावजींचं ताट-वाटी बाजूला काढली होती. त्यांना ते फार लागलं. कळल्यावर पुन्हा सगळ्यांच्या पंगतीत बसायला लागले.

---

दर्यावर्दी

धागा चांगला आहे, पण मला उलट बाजू मांडायची आहे. कुणी दुखावलं गेलं तर क्षमा असावी.

माझ्या आईला खोकला होता. तिने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. एक्स-रेत सावली, थुंकीत काही नाही, तरी 'आपल्याकडे टीबीच असतो' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. कित्येक महिने तिने त्या निमूट घेतल्या, उलट्या सोसल्या. सावली वाढतच गेली. शेवटी बायोप्सी झाली तेव्हा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुफ्फुसाचा कॅन्सरच, निघाला, आणि तोवर हाडांत गेला होता.

विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांना फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याच जणींच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडतो, आणि त्यासाठी गोळ्या आहेत. आईला त्या गोळ्यांनी चांगला काळ मिळाला. तोच आधी सुरू झाला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून हे वाचून कुणी 'आमचीही बुरशीच असेल' म्हणत बायोप्सी पुढे ढकलू नका. अशा गाठी कॅन्सरच्याही निघतात आणि तेव्हा गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो. रानजाईताई, तुम्ही असं म्हणत नाही आहात हे मला कळतं. पण घाबरलेला माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो.

---

रानजाई

दर्यावर्दीदादा, क्षमा कसली मागता. तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात असायलाच हवं होतं. आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं. पुरावा नसताना कॅन्सरची केमो देणं आणि पुरावा नसताना टीबीच्या गोळ्या देणं, दोन्हींत रुग्ण भरडतो. आमच्या भावजींना बुरशी असताना केमो मिळाली असती तर प्रतिकारशक्ती आणखी खाली जाऊन बुरशी सगळीकडे पसरली असती, असं डॉक्टर म्हणाले होते.

---

पाणकणीस

+१ दर्यावर्दी.

आमच्या आत्याच्या यजमानांची गोष्ट सांगते, कारण त्यात 'शेवटची स्टेज' असंच सांगितलं गेलं होतं. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षं पश्चिम बंगालमध्ये होते, निवृत्तीनंतर मुलुंडला आले. थकवा, भूक नाही, वजन कमी, चेहरा आणि हात काळवंडलेले. पेट स्कॅनमध्ये फुफ्फुसात छोट्या गाठी आणि किडनीच्या वर असणाऱ्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होऊन चमकणाऱ्या. फुफ्फुसाचा कॅन्सर ॲड्रिनलमध्ये पसरतो, त्यामुळे चित्र अगदी पुस्तकातल्यासारखं जुळत होतं.

पण एका डॉक्टरांना त्यांचं सोडियम आणि रक्तदाब दोन्ही खूप खाली असलेलं खटकलं. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ॲड्रिनलमध्ये तयार होणारं संप्रेरक, तपासलं तर तेही अगदी कमी. म्हणजे दोन्ही ग्रंथी जवळजवळ बंद पडलेल्या. ॲड्रिनलमधून सुईने तुकडा घेतला, आणि हिस्टोप्लाझ्मा निघाला. ही बुरशी वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेल्या मातीत वाढते. आपल्या देशात गंगेच्या खोऱ्यातून तिचे रुग्ण जास्त सापडतात. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत तर ती फार सामान्य आहे.

त्यांना आधी शिरेतून ॲम्फोटेरिसिन, मग वर्षभर इट्राकोनॅझोल. कॉर्टिसोलच्या बदली गोळ्या मात्र अजून चालू आहेत, त्या ग्रंथी पुन्हा कामाला लागल्या नाहीत. आज ते नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातात.

डॉक्टरांनी त्यांना 'कुठे कुठे राहिलात?' हे खूप खोदून विचारलं होतं. तुम्ही कुठे राहिलात, काय काम केलं, कुठल्या गुहा, जुनी घरं, पोल्ट्री, सगळं न विचारता सांगा.

---

काचपट्टी

पाणकणीसताई, हिस्टोप्लाझ्माचा इतिहासही असाच आहे. पनामा कालव्याचं काम चालू असताना डॉ. सॅम्युअल डार्लिंग तिथे शवविच्छेदनं करत. एका मजुराचं प्रेत वरून पाहता टीबीने गेल्यासारखं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वेगळंच दिसलं. १९०६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, पण तो बुरशीऐवजी काळा आजारासारखा परजीवी असावा असा त्यांचा समज झाला. पहिल्याच रुग्णात या बुरशीने टीबीचं सोंग घेतलं होतं.

---

परदेशी_पाखरू

माझा भाचा ॲरिझोनात, फिनिक्सला शिकतो. सुट्टीत मुंबईला आला तेव्हा खोकला होता, एक्स-रेत गाठ दिसली. चोविशीतल्या पोराला गाठ म्हटल्यावर बहिणीची काय अवस्था झाली असेल! इथल्या डॉक्टरांनी टीबी आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) दोन्ही डोक्यात ठेवले. त्याने ॲरिझोना म्हटल्यावर त्यांनी व्हॅली फीव्हरच्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, आणि तोच निघाला. कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी, तिकडच्या वाळवंटी धुळीतली. आपल्या मातीत ती नाही, म्हणून इथे सहसा कुणी शोधत नाही. त्याला औषध फारसं लागलंच नाही, लक्ष ठेवत राहिले, गाठ आपोआप लहान झाली.

एक गोष्ट नव्याने कळली. या बुरशीचं कल्चर लॅबमधल्या माणसांसाठी धोक्याचं असतं, उघड्या प्लेटमधून ती श्वासात जाऊ शकते. त्यामुळे सॅम्पल देताना प्रवासाची माहिती लॅबलाही द्यायला हवी.

---

काचपट्टी

हो, कृपया द्या. आमच्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे.

---

उंबरठा

मी ही पानं रात्रीपासून वाचतेय. माझे वडील, चिपळूणहून आणलंय, सध्या दादरला मावशीकडे आहेत. डाव्या फुफ्फुसात गाठ, पेट झालाय, येत्या दिवसांत सुई टोचून बायोप्सी. गावाकडचे सगळे म्हणताहेत की सुई लागली की कॅन्सर पसरतो, हात लावू देऊ नका. बाबाही आता नको म्हणताहेत. मला कळत नाही काय सांगू त्यांना.

---

दर्यावर्दी

उंबरठा, माझ्या आईच्या वेळीही हेच ऐकलं होतं. बाबांना सांगा, सुई न टोचता कुठलाच डॉक्टर योग्य औषध देऊ शकत नाही. कॅन्सर असला तरी कोणत्या जातीचा हे तुकड्यावरूनच कळतं आणि गोळ्या चालतील की केमो हेही त्यावरच ठरतं.

---

काचपट्टी

उंबरठाताई, फुफ्फुसाच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. त्यापेक्षा खरा धोका दुसरा आहे, आणि तो बाबांना आधीच सांगितलेला बरा. सुईमुळे फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते. बहुतेकदा ती थोडी असते आणि आपोआप जिरते, क्वचित नळी घालावी लागते. म्हणून बायोप्सीनंतर काही तास थांबवून पुन्हा एक्स-रे काढतात. थोडं रक्त थुंकीत येऊ शकतं. घरी आल्यावर छातीत एकदम दुखलं किंवा धाप लागली तर वाट न बघता परत जायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्या थांबवाव्या लागतात, पण स्वतःच्या मनाने थांबवू नका.

गाठ मध्यभागी, श्वासनलिकेजवळ असेल तर दुर्बिणीने, म्हणजे ब्राँकोस्कोपीने, तुकडा घेतात. सुजलेल्या ग्रंथींमधून अल्ट्रासाउंडवर बघत सुईने घेता येतो, त्याला ईबस म्हणतात. कुठून घेणं सोपं आणि सुरक्षित, ते डॉक्टर सीटी बघून ठरवतात.

तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: "एक तुकडा सलाइनमध्ये टीबी आणि फंगल कल्चरला जाणार आहे का?" कुणाला राग येत नाही या प्रश्नाचा.

---

गिरणगावकर

उंबरठाताई, पुढे टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवायची वेळ आलीच तर स्लाइडबरोबर मेणाचे ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या, तिथे त्यांचे पॅथॉलॉजिस्ट पुन्हा तपासतात. सीटीची नुसती छापील फिल्म नको, सीडी घ्या. मावशीकडे किती दिवस राहणार हा प्रश्न असेल तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या रुग्णांसाठीच. काही लागलं तर इथे लिहा, मी परळलाच असतो.

---

औषधपेटी

फार्मसिस्ट आहे, माझ्या बाजूचं थोडं.

बुरशीच्या गोळ्या इतर गोळ्यांशी फार भांडतात. फ्लुकोनॅझोलबरोबर ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी चालू असेल तर साखर अचानक खूप खाली जाऊ शकते. रानजाईताई, भावजींना घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर लगेच साखर तपासा. वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. इट्राकोनॅझोलबरोबर कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालत नाहीत. आणि ज्यांची टीबीची औषधं चालू आहेत त्यांनी नक्की सांगावं, कारण रिफॅम्पिसिन या बुरशीच्या औषधांची रक्तातली पातळी एवढी पाडतं की औषध घेऊन न घेतल्यासारखं होतं.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, आणि ॲसिडिटीची गोळी तिच्यासोबत नको, शोषण होत नाही. लोक सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलबरोबर सगळंच गिळून टाकतात.

आणखी एक. सगळ्या बुरशींना एकच औषध नसतं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण आले तेव्हा ॲम्फोटेरिसिनसाठी माणसं दुकानोदुकानी फिरत होती, मी काउंटरवर होते. ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. म्हणून नुसतं 'फंगस निघाला' यावर समाधान मानू नका, कोणता ते विचारा.

---

रानजाई

औषधपेटीताई, खूप आभार. भावजींची साखर मधे दोनदा खाली गेली होती, आम्ही जेवण कमी पडलं म्हणून सोडून दिलं. उद्याच डॉक्टरांशी बोलते.

---

उंबरठा

बायोप्सी झाली. बाबा तयार झाले. मावशीने त्यांना गिरणगावकरकाकांच्या बाबांची हकिगत मोठ्याने वाचून दाखवली. नंतरचा एक्स-रे व्यवस्थित आहे. सलाइनचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले ठरवलेलंच होतं, दोन बाटल्या भरल्या. पहिला रिपोर्ट आठवड्याभरात, कल्चरला महिनाभर लागेल. पहिल्या रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला तर आम्ही सुटलो असं समजायचं का?

---

काचपट्टी

उंबरठाताई, रिपोर्टमध्ये नक्की काय लिहिलंय त्यावर आहे. 'कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत' एवढंच असेल तर सुई गाठीच्या बाजूला लागलेली असू शकते, मग पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. 'बुरशी दिसली' किंवा 'टीबी सापडला' असं ठोस कारण लिहिलेलं असेल तर त्याचा उपचार सुरू होईल, पण दोन-तीन महिन्यांनी सीटी करून गाठ लहान होतेय का हे बघायचंच. नुसते ग्रॅन्युलोमा आणि बाकी काही नाही, असंही येऊ शकतं. कॅन्सरच्या गाठीशेजारीही कधी कधी ग्रॅन्युलोमा होतात, म्हणून तेव्हा कल्चर येईपर्यंत विषय बंद करू नका. रिपोर्ट आला की त्यातला शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा इथे लिहा, फक्त बाबांचं नाव आणि रुग्णालयाचा नंबर झाकून. मी बघतो.